विद्यापीठाच्या लायब्ररीत धंदेवाल्याचं काय काम? नांदेड-लातूरकरांनो, एकदा वाचाच



मार्केट रिसर्चवरच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न परत परत आलाय. "सर, रिसर्च करा म्हणता, पण करायचा कुठून? पुण्या-मुंबईच्या एजन्सीला द्यायला पैसे कुठंयत आमच्याकडं?" प्रश्न बरोबर आहे. याचं उत्तर दोन मिनिटांत उरकण्यासारखं नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

उत्तर आपल्या दारातच आहे. नांदेडला विष्णुपुरीत आणि लातूरला पेठच्या उपकेंद्रात. आपलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि त्याची लायब्ररी, म्हणजे ज्ञानस्रोत केंद्र.

आता तुम्ही म्हणाल, लायब्ररी म्हणजे पोरांनी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायची जागा. आपण मोंढ्यात बसणारी माणसं, आपला काय संबंध? आहे. गेल्या दोन-चार वर्षांत लायब्ररी या शब्दाचा अर्थच बदललाय. पुस्तकांचं कपाट हा तिचा एक भाग झाला. दुसरा भाग मोबाईलवर आलाय, आणि त्यातला बराचसा फुकट आहे.

आधी हे समजून घ्या: या विद्यापीठात आपल्या कामाचं काय?

हे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी सुरू झालं. त्याच्याखाली चार जिल्हे येतात: नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली. आपला माल विकला जातो तो बहुतेक याच चार जिल्ह्यांत.

वाणिज्य, व्यवस्थापन, अर्थशास्त्र अशा विषयांत पीएच.डी. करणारा विद्यार्थी माहिती गोळा करायला लांब जात नाही. तो आपल्याच बाजार समितीत, आपल्याच बचत गटांत, आपल्याच एमआयडीसीत फिरतो. तीन-चार वर्षं घालवून प्रश्नावल्या भरून घेतो आणि दोन-तीनशे पानांचा प्रबंध लिहितो. तो प्रबंध नंतर किती जण उघडतात? गाईड, परीक्षक आणि पुढच्या बॅचचे दोन विद्यार्थी. आपण दुकानदार कधीच उघडत नाही. एजन्सी ज्याचे पैसे मागते, त्यातला बराचसा मसाला तिथं तयार पडलेला असतो.

नवीन काय आलंय? 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'

केंद्रीय मंत्रिमंडळानं २५ नोव्हेंबर २०२४ रोजी या योजनेला मंजुरी दिली आणि जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. कल्पना सोपी आहे. जगातली मोठी संशोधन नियतकालिकं फार महाग असतात. आधी प्रत्येक विद्यापीठ आपापल्या ऐपतीप्रमाणं वर्गणी भरायचं. मोठ्या संस्थांकडं जास्त, आपल्याकडं कमी. आता केंद्र सरकार सगळ्यांच्या वतीनं एकदाच वर्गणी भरतं. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवलेत. ३० प्रकाशक, जवळपास १३,००० ई-नियतकालिकं, ६,३०० हून जास्त सरकारी संस्था, आणि सुमारे १.८ कोटी विद्यार्थी, प्राध्यापक व संशोधक. याचं सगळं काम गांधीनगरची इन्फ्लिबनेट ही संस्था बघते.

धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ही घाऊक खरेदी आहे. दहा किराणा दुकानदारांनी एकत्र येऊन कंपनीकडून माल उचलला की भाव कमी लागतो, तसंच.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ही सोय त्या संस्थांमधल्या विद्यार्थी-प्राध्यापकांसाठी आहे, तुमच्या-माझ्यासाठी थेट नाही. तुमची पोरगी, पुतण्या, भाचा अशा सरकारी संस्थेत शिकत असेल तर त्याला सांगा, "बाबा रे, सोयाबीनपासून पनीर बनवायचं तर वास कसा घालवायचा, यावर काय लिहिलंय ते वाच आणि मला मराठीत सांग." हे चालतं. लॉगिन-पासवर्ड मागून स्वतः शेकडो फाइली उतरवून घेणं चालत नाही. तसं केल्यास संस्थेची सोय अडचणीत येऊ शकते. एकाच्या लोभापायी सगळ्यांचं नुकसान नको.

अनुदानित कॉलेजांसाठी इन्फ्लिबनेटचीच 'एन-लिस्ट' नावाची वेगळी सोय आहे. कॉलेज सभासद असेल तर विद्यार्थ्यांना त्यावर हजारो ई-बुक्स वाचायला मिळतात. बीबीए, बी.कॉम. करता करता धंदा बघणारे आपल्या चॅनेलवर बरेच आहेत. उद्याच लायब्ररीत जाऊन विचारा, "आपलं कॉलेज एन-लिस्टला आहे का? माझं अकाउंट काढून द्या."

सगळ्यांसाठी उघडं असलेलं: तीन नावं लिहून घ्या

शोधगंगा. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध इथं ठेवलेत. हेही इन्फ्लिबनेटचंच काम. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. विद्यापीठांच्या यादीत आपलं विद्यापीठ शोधा, किंवा सरळ सर्चमध्ये जिल्ह्याचं आणि धंद्याचं नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये टाका. मराठीतले प्रबंधही आहेत. प्रत्येक प्रकरणाची वेगळी पीडीएफ असते, त्यामुळं सगळं उतरवायची गरज नाही.

कृषिकोश. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या छत्राखाली चालणारं हे कृषी विद्यापीठांचं भांडार. आपल्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे प्रबंधही इथं सापडतात. परभणीला अन्नतंत्र महाविद्यालय आहे. तूर, सोयाबीन, हळद, चिंच, सीताफळ अशा आपल्याकडच्या मालाचं काय काय बनवता येतं, किती दिवस टिकतं, यावर एम.टेक. आणि पीएच.डी. स्तरावर काम झालेलं आहे. फूड प्रोसेसिंगमध्ये उतरायचं असेल तर माझा व्हिडिओ नंतर बघा, आधी इथं जा.

नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया. आयआयटी खरगपूरनं उभी केली, १९ जून २०१८ रोजी देशाला अर्पण झाली. ई-मेलनं नोंदणी करा, बस्स. शाळेपासून संशोधनापर्यंतचं साहित्य एका ठिकाणी शोधता येतं. अकाउंट्स, कॉस्टिंग, मार्केटिंग हे विषय पहिल्यापासून शिकायचे असतील तर भरपूर आहे.

प्रबंध वाचायचा कसा? पहिल्या पानापासून अजिबात नाही

अडीचशे पानं बघून छातीत धडकी भरते. म्हणून माझी पद्धत सांगतो.

१. आधी शेवटचं प्रकरण उघडा, 'निष्कर्ष व सूचना'. दहा-पंधरा पानांत संपूर्ण कामाचं सार असतं.

२. मग माहितीच्या विश्लेषणाचं प्रकरण. तिथली तक्ते बघा, वर्णन सोडून द्या. किती लोकांना विचारलं, कोणत्या तालुक्यात, कोणत्या वर्षी, हे तीन प्रश्न प्रत्येक तक्त्याला विचारा.

३. मग परिशिष्ट. इथं प्रश्नावली असते. बहुतेक लोक हे पान उघडतच नाहीत, आणि आपल्यासाठी खरं सोनं तिथंच आहे. गिऱ्हाइकाला नेमकं काय विचारायचं, हे एका माणसानं गाईडसमोर बसून ठरवलेलं असतं. त्यातले आपल्या कामाचे दहा प्रश्न घ्या, आपल्या भाषेत करा, आणि गंज गोलाईत किंवा वजिराबादला उभं राहून पन्नास लोकांना विचारा. झाला तुमचा मार्केट सर्व्हे.

४. भाव, मजुरी, भाडं हे आकडे मात्र उचलू नका. प्रबंधातला भाव पाच-दहा वर्षं जुना असू शकतो. पद्धत तिथली घ्या, भाव आजचा मोंढ्यातला घ्या.

एक उदाहरण: चिंच, मशीन आणि पंचवीस हजारांचा ॲडव्हान्स

माझ्या एका बॅचला निलंगा भागातल्या एक ताई होत्या. चिंचेचा पल्प आणि सॉस बनवायचा, असं त्यांच्या मनात. एक मशीनवाला एजंट घरी येऊन गेला होता. अडीच लाखांचं मशीन, कर्जाची फाइल मीच करून देतो, आठ दिवसांत पंचवीस हजार ॲडव्हान्स द्या. सोबत छापील प्रोजेक्ट रिपोर्टही होता. त्यात मशीन वर्षाला तीनशे दिवस चालणार असं गृहीत धरून नफा काढलेला.

मी त्यांना हो म्हणालो नाही आणि नाही पण म्हणालो नाही. म्हटलं, "ताई, आठ दिवस आहेत ना, मग चार दिवस वाचू." त्यांची मुलगी लातूरला कॉलेजला होती. तिनं कृषिकोशावर चिंचेवरचं काम शोधलं आणि शेवटची प्रकरणं वाचून वहीत टिपणं काढली.

त्यातून एक गोष्ट समोर आली. ती मोंढ्यातल्या कुठल्याही आडत्याला माहीत असते, पण त्या रिपोर्टमध्ये नव्हती. आपल्याकडं चिंच साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत येते. फोडलेली चिंच साध्या खोलीत ठेवली की हळूहळू काळी पडत जाते. रंग टिकवायचा तर ती हवाबंद आणि थंड जागेत ठेवावी लागते. म्हणूनच व्यापारी ती कोल्ड स्टोरेजला टाकतात.

आता हिशेब करा. तीनशे दिवस मशीन चालवायचं, तर सीझनला वर्षभराची चिंच एकदम विकत घ्यायची. म्हणजे खरेदीचा पैसा एकरकमी लागणार, वरून कोल्ड स्टोरेजचं भाडं. रिपोर्टमध्ये भाड्याची ओळच नव्हती, आणि कच्च्या मालासाठी एकाच महिन्याचं खेळतं भांडवल धरलं होतं. खरा खर्च मशीनचा नव्हताच, तो साठवणुकीचा होता.

ताईंनी एजंटला फोन करून एवढंच विचारलं, "भाऊ, ऑगस्टमध्ये मशीनला चिंच कुठून आणायची?" त्याच्याकडं उत्तर नव्हतं. ॲडव्हान्स दिला गेला नाही.

म्हणून त्यांनी धंदा सोडला का? नाही. गावातल्या चार बायकांना घेऊन चिंच फोडून घेतली, चिंचोके वेगळे विकले, फोडलेल्या चिंचेतली थोडी कोल्ड स्टोरेजला ठेवली आणि बाकीची पाव किलोच्या पाकिटात किराणा दुकानांना दिली. थंडीत ठेवलेल्या मालाला किती भाव मिळतो, त्यावर मशीनचा निर्णय पुढच्या सीझनला होईल. फायदाच होईल असं मी लिहिणार नाही, कारण ते अजून दिसायचंय. पण आज त्यांच्या डोक्यावर अडीच लाखांचा हप्ता नाही, आणि कोणता आकडा बघायचा हे त्यांना पक्कं माहीत आहे.

त्याच ताईंना कामाला आलेली दुसरी गोष्ट: जीआय

लातूर जिल्ह्यातल्या तीन मालांना २०२४ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं: पानचिंचोली चिंच, बोरसुरी तूरडाळ आणि कास्ती कोथिंबीर. हिंगोलीतल्या वसमत हळदीलाही मिळालं. ताई म्हणाल्या, "मग पाकिटावर पानचिंचोली चिंच असं छापू का? भाव चांगला येईल."

थांबा! जीआय गावाच्या नावाला असतं, पण ते वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. मानांकन मिळवणारी शेतकऱ्यांची संस्था असते, तिच्याकडं चौकशी करायची, चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयाकडं अर्ज करायचा, आणि माल त्याच ठरलेल्या भागातला असला पाहिजे. दुसरीकडची चिंच भरून ते नाव छापलं तर तो कायद्यानं गुन्हा आहे.

याची कागदपत्रं जीआय जर्नलमध्ये प्रसिद्ध होतात आणि ती ऑनलाइन फुकट बघता येतात. मालाचं वैशिष्ट्य काय, कोणत्या गावांचा भाग, हवामान-माती कशी, इतिहास काय, हे सगळं त्यात असतं. आपल्या भागातल्या मालाचा धंदा करणाऱ्यानं हे वाचलंच पाहिजे.

लायब्ररीत आणखी काय मागायचं?

जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय काढतं. तालुकावार लोकसंख्या, पिकं, दुकानं, बँका, रस्ते. कर्जाच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये 'मार्केट पोटेन्शियल' या मथळ्याखाली इकडून-तिकडून कॉपी करण्यापेक्षा यातले चार आकडे टाका. मॅनेजरसमोर बसून बोलताना फरक पडतो.

जनगणना पुस्तिका. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्हा ३३,६१,२९२ आणि लातूर जिल्हा २४,५४,१९६ लोकसंख्येचा होता. आकडे जुने आहेत, पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तरी कोणतं गाव मोठं, कोणतं लहान, हा अंदाज घ्यायला अजून चालतात. डिस्ट्रिब्युशनची लाइन आखताना गावांची यादी समोर ठेवा.

गॅझेटिअर. पाकिटावर आपल्या मालाची दोन ओळींची खरी गोष्ट छापायची असेल तर इथं शोधा. लातूरकरांसाठी एक टीप: लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. त्यामुळं आपली जुनी माहिती उस्मानाबादच्या गॅझेटिअरमध्ये आहे. लातूर नावानं शोधून हात हलवत परत येऊ नका.

भारतीय मानकं. बीआयएसची मानकं आता त्यांच्या पोर्टलवरून फुकट उतरवता येतात. मसाला, पापड, फर्निचर, काहीही बनवा, आधी त्या मालाचं मानक आहे का ते बघा. टेंडर भरणाऱ्यांना तर हे लागतंच.

मराठी विश्वकोश. इंग्रजीचं दडपण येत असेल तर सुरुवात इथून करा. ऑनलाइन आहे, फुकट आहे.

कार्यक्रम: कॅलेंडरवर गोल करून ठेवा

लायब्ररीत जायला संकोच वाटत असेल तर कार्यक्रमाच्या दिवशी जा. त्या दिवशी कुणी "तुमचं काय काम?" असं विचारत नाही. ग्रंथालयांत वर्षभर पाळले जाणारे दिवस ठरलेले आहेत.

२७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन. २३ एप्रिल, जागतिक पुस्तक दिन. १२ ऑगस्ट, डॉ. एस. आर. रंगनाथन यांची जयंती, ग्रंथपाल दिन. १५ ऑक्टोबर, डॉ. कलाम यांची जयंती, वाचन प्रेरणा दिन. १४ ते २० नोव्हेंबर, राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह. जानेवारी २०२५ च्या पहिल्या पंधरवड्यात राज्यभर 'वाचन संकल्प महाराष्ट्राचा' हा उपक्रम झाला. त्यात विद्यापीठं, कॉलेजं आणि सार्वजनिक ग्रंथालयं सगळीच होती. शिवाय जिल्ह्याचा ग्रंथोत्सव असतो.

अशा दिवशी ग्रंथ प्रदर्शन, व्याख्यान, कधी ऑनलाइन डेटाबेस कसा वापरायचा याचं प्रात्यक्षिक असतं. प्रात्यक्षिक असेल तर दुकान दोन तास पोराकडं द्या आणि जा. स्टेशनरी, पुस्तकं, झेरॉक्स-बाइंडिंग, कापडी पिशव्या, चहा-नाश्ता या धंद्यातल्यांनी तर महिनाभर आधी आयोजकांना भेटा. ऑर्डर तिथंही असते.

प्रत्यक्ष जाताना

बाहेरच्या वाचकाला प्रवेश, वेळ, फी याचे नियम प्रत्येक लायब्ररीचे वेगळे असतात आणि बदलतात. म्हणून आधी फोन करा. आधार कार्ड, एक फोटो आणि एक साधा अर्ज घेऊन जा. अर्जात सरळ लिहा: "मी अमुक गावचा, अमुक व्यवसाय सुरू करतोय, अमुक विषयाची माहिती वाचायची आहे, जागेवर बसून वाचण्याची परवानगी द्यावी." घरी पुस्तक न्यायचा आग्रह धरू नका, तिथं बसून वाचायला मिळालं तरी काम होतं. परवानगी नाही मिळाली तर शासकीय जिल्हा ग्रंथालय आहेच.

आणि ग्रंथपालांना "धंद्याबद्दल काही आहे का?" असं मोघम विचारू नका. गिऱ्हाईक दुकानात येऊन "काहीतरी द्या" म्हणालं तर आपण काय देणार? "हळदीच्या पावडरीची साठवणूक, मागच्या दहा वर्षांतलं काम" असं नेमकं मागा. नेमका प्रश्न विचारणाऱ्याला ग्रंथपाल मनापासून मदत करतात.

लायब्ररी काय सांगणार नाही

शेजारच्या दुकानदाराची उधारी किती थकली, ते नाही सांगणार. तुमच्या गल्लीत कोणता माल उठतो, ते नाही सांगणार. त्यासाठी पाय झिजवावेच लागतात. पण पाय कुठं झिजवायचे आणि कुणाला काय विचारायचं, हे आधी कळलं तर चप्पल कमी झिजते.

मी व्हिडिओ बनवतो, तरी सांगतो: दहा मिनिटांचा व्हिडिओ बघून दोन लाखांचं मशीन घेऊ नका. माझाही नाही. व्हिडिओनं इच्छा जागी होते, कागदानं हिशेब बसतो.

या आठवड्याचा होमवर्क

सोमवारी: तुमचा माल आणि तुमचा जिल्हा, एका ओळीत वहीत लिहा.

मंगळवारी: शोधगंगा आणि कृषिकोशावर तो शोधा. दोन प्रबंध निवडा.

बुधवारी: दोन्हीचं फक्त शेवटचं प्रकरण वाचा. पाच मुद्दे लिहा.

गुरुवारी: परिशिष्टातून दहा प्रश्न काढा.

शुक्रवारी-शनिवारी: पन्नास नाही जमले तर वीस लोकांना विचारा. दुकानाच्या गल्ल्यावर बसूनही होतं.

रविवारी: आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये कोणती खर्चाची ओळ राहिली, ती शोधा. एक तरी सापडेल.

सापडलेली ती एक ओळ खाली लिहून कळवा. कोणता धंदा, कोणता तालुका आणि कोणता खर्च सुटला होता, एवढंच. पुढच्या व्हिडिओत त्यातले पाच हिशेब आपण फळ्यावर मांडून सोडवू.